आरंभीचे छायाचित्रण आणि आपली देवळे



आजचा विषय पॅरिसमध्ये आरंभतो आणि आपल्या खानापूर तालुक्यापर्यंत येतो. १८३८च्या सुमारास लुई दाग्येर याने खिडकीतून एका हमरस्त्याचे छायाचित्र घेतले. प्रकाशाचा ठसा उमटण्यास काही मिनिटे लागत. त्यामुळे चालती माणसे, गाड्या उमटल्याच नाहीत. जोडे पुसून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ तेवढा राहिला. जे स्थिर तेच टिपले जाई. प्राचीन वास्तू या कलेला प्रथमपासून मानवल्या त्या यामुळेच. माणसाला मात्र मानेमागे आधार लावून बसावे लागे.

१८५१ साली फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तुसमितीने पाच छायाचित्रकारांना प्रांतोप्रांती धाडले. त्यांपैकी गुस्ताव्ह ल ग्रे याची मेणकागदाची पद्धत प्रवाशांना वरदान ठरली. कागद आधी सिद्ध करून बरोबर नेता येई. काचेची ओली पद्धत आली तेव्हा काच तिथल्या तिथे धुणे भाग पडे. समितीने ती चित्रे प्रसिद्ध केली नाहीत हे नवलच!

मुंबईत १८५४ साली छायाचित्रण संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्याशी संबंधित होते. पुढील वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्ग सुरू झाला; तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण व्यक्तिचित्रांचे व्यावसायिक झाले. त्याच सुमारास कॅप्टन बिग्ज याने सरकारी कामगिरीवर विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तू टिपल्या. त्याच्यामागून डॉ. पिगू आला. धारवाड व म्हैसूरच्या वास्तूंवरील ग्रंथ १८६६ साली लंडनमध्ये निघाला, त्यात या दोघांची चित्रे आहेत. १८७४ साली जेम्स बर्जेस याने पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला हंगाम बेळगाव व कलादगी जिल्ह्यांत काढला. आपल्या किल्ल्यातील १२०४ सालची कमल बस्ती त्या पाहणीत आली.

कित्तूरजवळील देगावचे कमलनारायण मंदिर गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिने ११७४ साली बांधविले. ते घडविणाऱ्या तिप्पोजाचे नाव तेथील शिलालेखात आहे. आपल्या हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचा काळही कोरीव लेखामुळेच कळतो. जुन्या पाहणीच्या चित्रांत मात्र खांबाशेजारी एखादा माणूस उभा असतो, तो केवळ उंचीचे माप म्हणून. त्याचे नाव कोणी लिहिले नाही. बाराव्या शतकाने कारागिराची जी बूज राखली, ती एकोणिसाव्याने राखली नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते.

आपल्या घरांतूनही तेच घडत आहे. स्टुडिओच्या पडद्यापुढे बसलेले पणजोबा, नऊवारीतील आजी यांची चित्रे पेटीत असतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकावरचे जुने ठसे पिवळे पडत जातात. चेहरा दिसतो तोवर ओळखणारे जातात. म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे : आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना जवळ बसवून प्रत्येक चित्रामागे नाव, गाव आणि ठाऊक असल्यास साल लिहावे, मऊ शिसपेन्सिलीने, शाईने नव्हे.