खोल नाद आणि मोजमाप

भोर आणि वेल्हे यांचे नाव निघाले म्हणजे राजगड, तोरणा आणि रोहिडा आठवावेत हे स्वाभाविकच आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ आणि कानद खोरे यांच्या पराक्रमाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. परंतु साध्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि तो बहुधा कोणी लिहीत नाही. अशाच एका वस्तूचा विचार आम्ही येथे करणार आहोत. मोडलेल्या टेपरेकॉर्डरमधून किंवा जुन्या मोटारीतून काढलेले सुटे स्पीकर घ्यावयाचे आणि त्यांतून घरच्या घरी सबवूफर, म्हणजे केवळ खर्जातला आवाज काढणारी पेटी, बनवावयाची, हा तो विषय. प्रथमदर्शनी तो पोरखेळ वाटेल. वस्तुतः खोल आवाज कशाने निर्माण होतो, या जुन्या प्रश्नाचेच ते एक उत्तर आहे.

मावळातील माणसाला हा प्रश्न नवा नाही. जत्रेत वाजणारा ढोल पाहावा. त्याला दोन तोंडे असतात, आणि त्या दोन पानांमध्ये हवा कोंडलेली असते. एका पानावर टिपरू पडले की आतली हवा दाबली जाते आणि दुसरे पानही हलते. पान रुंद व सैल असेल तर नाद खाली उतरतो. दोऱ्या ओढून ताण दिला की तो वर चढतो. म्हणजे आवाज एकट्या चामड्याचा नव्हे. चामडे, ताण आणि कोंडलेली हवा या तिघांचा तो संसार आहे. ढोल बांधणाऱ्याने हे सूत्ररूपाने मांडले नसेल. त्याच्या हाताला मात्र ते ठाऊक होते.

पुढे काळ बदलला. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्यास आकाशवाणी केंद्र सुरू झाले. १९५६ साली त्याच केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रसिद्ध प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतील १५० गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. पुणे जिल्हा त्या पाचांपैकी एक होता. लाकडी पेटीतला स्पीकर अशा रीतीने खेड्याच्या जीवनात शिरला. त्या पेटीतून खताविषयीचे भाषण स्वच्छ कळे; ढोलाचा घुमारा मात्र तिच्यातून येत नसे. असे का व्हावे?

कारण त्या पेट्या बहुधा मागून उघड्या असत. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. सेकंदाला ४० कंपनांच्या स्वराची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. एवढी लांब लाट लहान पेटीच्या कडेला सहज वळसा घालते, पुढची-मागची हवा एकमेकींना भेटते आणि आवाज जागच्या जागी विरतो. यास्तव पेटी ही शोभेची वस्तू नसून वाद्याचा अर्धा भाग आहे.

ही गोष्ट शास्त्राला टप्प्याटप्प्याने उमगली. अमेरिकेत राइस व केलॉग यांनी १९२५ साली आजच्या घडणीचा स्पीकर प्रसिद्ध केला. थुरास यांनी पेटीला मोजून भोक पाडून मागची हवाही कामाला लावली. त्याचे पेटंट त्यांना १९३२ मध्ये मिळाले. १९५४ मध्ये विल्चर यांनी उलट वाट धरली. पेटी पूर्ण बंद करून आतल्या हवेलाच त्यांनी स्प्रिंगचे काम दिले. तथापि पेटी किती मोठी करावी, हे पुष्कळसे अंदाजावरच चाले. तो अंदाज संपविला तो ऑस्ट्रेलियातील थील यांच्या १९६१ च्या निबंधाने आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी स्मॉल यांनी केलेल्या विस्ताराने. स्पीकरचे मोजके गुणधर्म मोजले की पेटीचे माप कागदावर काढता येते, हे त्यांनी दाखविले. आमच्या मते ही या विद्येतील लोकशाहीच होय. कारखान्याचे गुपित आता कोणाही होतकरू मुलाच्या हाती आले.

समजा, पुण्याच्या जुन्या बाजारातून एकसारखे दोन सुटे वूफर आणले. स्पीकर मोकळ्या हवेत कोणत्या कंपनसंख्येला सर्वांत सहज डोलतो, हे आधी पाहावे. ती संख्या ४० निघाली. मग शंकूवर २० ग्रॅम वजन चिकटवावे. संख्या ३२ वर उतरली, तर हलणाऱ्या भागाचे वजन सुमारे साडेपस्तीस ग्रॅम आहे, असे गणित सांगते. त्यावरून शंकूची लवचीकता किती लिटर हवेच्या लवचीकतेइतकी आहे, तेही काढता येते. ती ६० लिटर निघाली आणि स्पीकरचा एकूण गुणांक ०.४ असला, तर एका स्पीकरला सुमारे २८ लिटरची बंद पेटी पुरते व दोघांना ५६ लिटरची. मात्र त्या पेटीत डोलण्याची संख्या ४० वरून ७० वर चढते. अधिक खोल जावयाचे तर स्पीकरच वेगळा निवडला पाहिजे. अँप्लिफायरची ताकद वाढवून हे साधत नाही.

दोन स्पीकर का, असे कोणी विचारील. स्वर निम्म्या कंपनसंख्येवर उतरविला आणि आवाज तितकाच ठेवावयाचा म्हटले, तर शंकूला चौपट हलावे लागते. दोघांनी तो भार वाटून घेतला की कोणी फाटत नाही. परंतु दोघे जुळे हवेत. बेमेल स्पीकर एकाच बंद पेटीत बसविले तर एक दुसऱ्याला ढकलीत राहतो.

या मोजमापाला आज विशेष महत्त्व आहे. मिरवणुकीतील स्पीकरच्या भिंतींना लोक सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये आपली संस्था काढली ती ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याकरिता, आणि आपल्याकडे त्यांचेच नाव गोंगाटाला चिकटले! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. परंतु ही मोजणी कानाच्या संवेदनेनुसार होते, आणि तीत सेकंदाला ५० कंपनांच्या नादातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे ज्या नादाने घराची कौले थरथरतात, तोच नाद यंत्राच्या आकड्यात सर्वांत कमी दिसतो. ही त्रुटी कायदा केव्हा भरून काढील ते काढो. ती समजून घेणारे नागरिक मात्र आजच तयार करता येतील.

यास्तव आमची एक सूचना आहे. भोर-वेल्ह्याच्या शाळांतील विज्ञान प्रदर्शनांत जुन्या स्पीकरांची अशी एक पेटी मुलांकडून करवून घ्यावी, आणि तिच्याशेजारी गावचा ढोल ठेवावा. दोहोंतील हवा मुलांनी मोजावी. जो मुलगा चाळीस कंपनांसाठी लाकूड कापताना तीनदा माप घेतो, तो पुढे मिरवणुकीचा आवाज ठरविताना नुसत्या जोरावर विसंबणार नाही, असा आमचा विश्वास आहे.