मुलं येत नाहीत, तर शाळाच गेली

मालाडहून विरार गाठायचं, तिथून डहाणूची लोकल पकडायची. डहाणू रोडच्या पुढचं स्टेशन घोलवड, आणि तिथून जवळच बोर्डी. बी.एड.साठी 'कृतिसंशोधना'ची फाइल रंगवणाऱ्यांनी एकदा हा प्रवास करावा.

कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातली अडचण हेरायची, उपाय करून बघायचा, काय झालं ते तपासायचं आणि पुन्हा बदल करायचा. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९४६ साली या पद्धतीवर निबंध लिहिला. त्याच्या आदल्याच वर्षी ५३ वर्षांच्या ताराबाई मोडक बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करत होत्या. सोबत ३५ वर्षांच्या अनुताई वाघ होत्या.

ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं. माँटेसरी पद्धत त्यांना पाठ होती. पण बोर्डीत ती जशीच्या तशी चालेना. साहित्य महाग, आणि गरीब वस्त्यांतली मुलं बालवाडीकडे फिरकत नव्हती.

आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. या दोघींनी स्वतःची पद्धत तपासली. मुलं येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात भरवली. तीच अंगणवाडी. महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे अडचण वेगळी होती. मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणातच शाळा भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरी अडकायच्या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' झाली. भावंडं पाळणाघरात, ताई वर्गात.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. ताराबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या.

आज मालाडच्या मालवणीतल्या एखाद्या वर्गातही पटावरचं मूल महिनोन्महिने दिसत नाही. हजेरीपटात 'गैरहजर' लिहायला एक सेकंद लागतो. ते मूल या वेळी कुठे असतं, काय करत असतं, आणि त्यासाठी आपल्या शाळेत काय बदलता येईल, हे शोधायला बोर्डी-कोसबाडच्या बाईंना वर्षं लागली. कृतिसंशोधनाची फाइल उघडताना पहिल्या पानावर हाच प्रश्न लिहावा.