व्हर्च्युअल होस्ट

व्हर्च्युअल होस्ट (आभासी यजमान) ही एकाच वेब सर्व्हरवरून एकापेक्षा अधिक संकेतस्थळे चालविण्याची पद्धत होय. भाड्याने जागा देणाऱ्या होस्टिंग कंपन्यांचा बराचसा व्यवहार या पद्धतीवर चालतो. संकेतस्थळे तयार करणाऱ्या विकासकाच्या स्वतःच्या संगणकावरही तिचा तितकाच उपयोग होतो; अपुऱ्या अवस्थेतील चार-पाच संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर, परंतु प्रत्येकी स्वतंत्र नावाने उघडून पाहता येतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः या स्थानिक उपयोगाचा विचार केला आहे. मराठीत यजमान म्हणजे घरधनी; येथे मात्र घर एक आणि यजमान अनेक, असा प्रकार आहे.

पार्श्वभूमी

वेबच्या आरंभीच्या काळात ब्राउझर सर्व्हरकडे केवळ पानाचा मार्ग मागत असे. ते पान कोणत्या संकेतस्थळाचे, हे मागणीत नमूद नसे. पत्रावर वाड्याचा पत्ता आहे, पण बिऱ्हाडकरूचे नाव नाही, अशी ती स्थिती होती. त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळास स्वतंत्र आयपी पत्ता द्यावा लागे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या मानकाने प्रत्येक मागणीत ‘होस्ट’ हे शीर्षक अनिवार्य केले. ते नसल्यास सर्व्हरने ४०० क्रमांकाची त्रुटी कळवावी, असा नियम आहे. या एका ओळीमुळे एका पत्त्यावर कितीही संकेतस्थळे नांदू शकतात. यास नामाधारित व्हर्च्युअल होस्ट म्हणतात.

सुरक्षित जोडणीत ही सोय प्रथम अपुरी पडली. तेथे प्रमाणपत्र आधी दाखवावे लागते आणि होस्टचे नाव त्यानंतर, कूटबद्ध स्वरूपात येते. २००३ मध्ये मांडलेल्या ‘सर्व्हर नेम इंडिकेशन’ या विस्ताराने हे नाव जोडणीच्या आरंभीच कळविण्याची व्यवस्था केली.

इतर मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

नवशिका विकासक बहुधा ‘लोकलहोस्ट’ या नावाखाली प्रत्येक संकेतस्थळासाठी एक उपफोल्डर करतो. हे सोपे असले तरी फसवे आहे. तिरप्या रेघेने सुरू होणारा चित्राचा किंवा दुव्याचा मार्ग नेहमी संकेतस्थळाच्या मुळापासून मोजला जातो. उपफोल्डरात ते मूळच बदललेले असते. परिणामी घरी अचूक दिसणारे पान प्रत्यक्ष सर्व्हरवर मोडते, किंवा याच्या उलट घडते.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक संकेतस्थळास वेगळा पोर्ट क्रमांक देणे. येथे मार्गांची अडचण येत नाही, परंतु कुकी पोर्टनुसार वेगळ्या ठेवल्या जात नाहीत. ८०८० आणि ८०८१ या पोर्टांवरील दोन संकेतस्थळांनी कुकीला एकच नाव दिले असेल, तर एकात प्रवेश करताच दुसऱ्यातून बाहेर पडल्याचा अनुभव येतो. यामागील कारण सहसा लवकर ध्यानात येत नाही.

स्थानिक संगणकावरील रचना

या रचनेची दोन अंगे आहेत व दोन्हींत नाव अक्षरशः एकच असावे लागते. बहुतेक अडचणी या दोहोंचा मेळ न बसल्यामुळे उद्भवतात.

पहिले अंग ‘होस्ट्स’ फाइलचे. नावाचा आयपी पत्ता शोधताना संगणक सामान्यतः ही फाइल आधी पाहतो. लिनक्स व मॅकवर ती ईटीसी फोल्डरात, तर विंडोजमध्ये सिस्टम३२ मधील ड्रायव्हर्स या फोल्डराच्या ईटीसी उपफोल्डरात असते. तीत १२७.०.०.१ हा स्वतःच्याच संगणकाकडे वळविणारा पत्ता आणि त्यापुढे इच्छित नाव लिहितात. फाइल बदलण्यास प्रशासकाचे अधिकार लागतात. तीत पोर्ट क्रमांक लिहिता येत नाही, तसेच ‘सर्व उपनावे’ अशा अर्थाचे चिन्हही चालत नाही. प्रत्येक नाव स्वतंत्रपणे नोंदवावे लागते.

दुसरे अंग सर्व्हरच्या मांडणीचे. अपाचे सर्व्हरमध्ये प्रत्येक संकेतस्थळासाठी ‘व्हर्च्युअलहोस्ट’ हा विभाग लिहून त्यात ‘सर्व्हरनेम’पुढे नाव व ‘डॉक्युमेंटरूट’पुढे फोल्डराचा मार्ग देतात. झॅम्प या संचात यासाठी स्वतंत्र फाइल असते, तर डेबियन व उबुंटू यांत प्रत्येक संकेतस्थळाची फाइल निराळी ठेवून ती आज्ञेने कार्यान्वित करतात. एनजिनएक्समध्ये हेच काम ‘सर्व्हर’ विभाग व ‘सर्व्हर_नेम’ करतात.

मागणीतील नाव कोणत्याच विभागाशी जुळले नाही, तर अपाचे त्रुटी न दाखविता त्या पत्त्याचा व पोर्टचा पहिला विभाग उघडतो. म्हणूनच झॅम्पमध्ये पहिला विभाग लिहिल्यावर लोकलहोस्ट उघडले असता नेहमीच्या पानाऐवजी नवे संकेतस्थळ दिसते. लोकलहोस्टसाठीही एक विभाग सर्वांत आधी लिहिणे हा त्यावरील उपाय होय.

नावाची निवड

अनेक विकासक पूर्वी स्थानिक संकेतस्थळांना ‘.डेव्ह’ हा प्रत्यय लावीत. हा प्रत्यय पुढे गूगलच्या ताब्यात गेला आणि डिसेंबर २०१७ मधील क्रोमच्या ६३व्या आवृत्तीपासून त्यावरील प्रत्येक नाव सुरक्षित जोडणीनेच उघडण्याची सक्ती झाली. काल चालणारी स्थानिक संकेतस्थळे ब्राउझर अद्ययावत होताच बंद पडली. ‘.लोकल’ हा प्रत्ययही टाळणे बरे. घरगुती जाळ्यातील उपकरणे शोधण्यासाठी तो राखून ठेवलेला आहे. ‘.टेस्ट’ व ‘.लोकलहोस्ट’ हे प्रत्यय मात्र १९९९ पासून चाचणीसारख्या कामांसाठी राखीव असून ते कोणाही नोंदणीदारास दिले जात नाहीत.

देवनागरी नावे वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘.भारत’ हा देवनागरी प्रत्यय २०१४ पासून उपलब्ध आहे. तथापि ब्राउझर असे नाव सर्व्हरकडे पाठविताना त्याचे ‘प्युनीकोड’ या रोमन रूपात परिवर्तन करतो. होस्ट्स फाइलमध्ये व सर्व्हरच्या मांडणीत हेच रूप लिहावे लागते. तेथे देवनागरी अक्षरे लिहिल्यास नाव जुळत नाही.

नेहमीच्या अडचणी

मांडणी बदलल्यानंतर सर्व्हर पुन्हा सुरू न करणे, ही सर्वांत सामान्य चूक. विंडोजमध्ये नोटपॅड होस्ट्स फाइलच्या नावामागे ‘.टीएक्सटी’ जोडतो आणि ती निरुपयोगी ठरते. अपाचे २.४ मध्ये फोल्डरास प्रवेशाची परवानगी ‘रिक्वायर’ या आज्ञेने द्यावी लागते. ती नसल्यास ४०३ ही त्रुटी येते. वर्डप्रेस आपला पत्ता डेटाबेसमध्ये साठवीत असल्याने नाव बदलल्यावर तेथेही दुरुस्ती करावी लागते.

काही विकासक चाचणीपुरते खरे, नोंदणीकृत नावच होस्ट्स फाइलमध्ये स्वतःच्या संगणकाकडे वळवितात. संकेतस्थळ प्रकाशित झाल्यावर ही ओळ काढावयाची राहिली, तर त्यांच्या संगणकावर स्थानिक प्रतच दिसत राहते आणि इतरांनी कळविलेले दोष त्यांना आढळत नाहीत.