पाठभेदांचे तक्ते : पुण्यातील विदाकौशल्याचा पूर्वेतिहास

मुंबई सरकारने १८६६ पासून संस्कृत-प्राकृत हस्तलिखिते जमवण्याचे काम हाती घेतले आणि ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या विद्वानांनी मिळवलेल्या हजारो पोथ्या आधी डेक्कन कॉलेजात आणि ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाल्यानंतर त्या संस्थेत आल्या. एवढा संग्रह हाताशी आल्यावर तो कसा वाचावा, एका पोथीतील मजकूर दुसरीशी कसा ताडून पाहावा आणि त्यातून निर्णय कसा काढावा, हा प्रश्न पुण्यातील विद्वानांपुढे उभा राहिला. विदा, म्हणजे छाननीसाठी ठरावीक रीतीने मांडलेल्या नोंदी, हाताळण्याचे कौशल्य या शहरातील सांस्कृतिक संस्थांमध्ये रुजले ते या प्रश्नातून. संगणक त्यानंतर कित्येक दशकांनी आला.

महाभारताची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे उपलब्ध पोथ्यांची तुलना करून त्यांच्या आधारे पोहोचता येईल तितका जुना पाठ निश्चित करणारी आवृत्ती, हे त्या कौशल्याचे सर्वांत मोठे क्षेत्र ठरले. १ एप्रिल १९१९ रोजी खुद्द भांडारकरांच्या हस्ते या कामाचा आरंभ झाला. पद्धत अशी होती, की प्रचलित छापील प्रतीतील एकेक श्लोक स्वतंत्र कागदावर लिहून घ्यायचा, त्यातील ज्या अक्षरांच्या जागी एखाद्या पोथीत वेगळा पाठ असेल तो पाठ नेमका त्याच अक्षरांशी जुळवून खाली नोंदवायचा, आणि उजवीकडे राखलेल्या रकान्यात खाडाखोड, समासातील भर, गहाळ पाने, जादा श्लोक यांविषयीचे शेरे द्यायचे. आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठी साठ पोथ्या ताडल्या गेल्या. इतरत्र किमान दहा. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या वाचू शकणारी माणसे आयती मिळण्याजोगी नव्हती, म्हणून शास्त्री आणि विद्यापीठाचे पदवीधर यांना एकत्र बसवून या कामासाठी खास तयार करण्यात आले. परंपरेने घडलेला पाठक आणि इंग्रजी शिक्षणातून आलेला पदवीधर एकाच तक्त्यावर काम करत होते, ही त्या काळातील फार मोलाची घडामोड मानली पाहिजे.

१९२५ मध्ये संपादकपदाची सूत्रे विष्णू सीताराम सुखटणकर यांच्याकडे आली. केंब्रिज येथे गणित शिकून पुढे बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली भाषाशास्त्राकडे वळलेल्या या विद्वानाने तक्त्यांतील नोंदींना तर्काची शिस्त दिली. एखादा पाठ किती पोथ्यांत आढळतो याची नुसती मोजदाद पुरेशी नसते, कारण एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या पन्नास पोथ्यांची साक्ष शेवटी एकाच साक्षीदाराची असते. परस्परांशी संपर्क नसलेल्या उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील परंपरा जिथे एकमताने बोलतात, तिथे मात्र पाठाच्या प्राचीनतेचा दाखला बळकट होतो. जिथे निर्णय खात्रीचा नव्हता तिथे संहितेतील शब्दांखाली नागमोडी रेघ छापण्यात आली. संशयाची अशी उघड नोंद करणे, ही या संपादनातील सर्वांत अनुकरणीय गोष्ट होय. गणेशाने व्यासांचा लेखक म्हणून काम केल्याची कथा, जी महाराष्ट्रात प्रत्येक घरात सांगितली जाते, ती पोथ्यांच्या साक्षीवरून आदिपर्वाच्या मूळ संहितेत टिकली नाही. तरीही ती टाकून न देता परिशिष्टात जपली गेली, म्हणजे वाचकाला निर्णयही कळतो आणि तो तपासून पाहण्याची सामग्रीही मिळते. सुखटणकर १९४३ मध्ये निवर्तले; पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली, आणि एकूण १२५९ हस्तलिखितांवर आधारलेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले.

याच काळात डेक्कन कॉलेजात दुसरा प्रयोग चालू होता. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत शब्दकोशाची योजना सुरू केली. सुमारे पंधराशे ग्रंथांतील शब्द संदर्भांसह चिठ्ठ्यांवर उतरवले गेले आणि वर्णानुक्रमे लावलेल्या या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात पोहोचली. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये बाहेर पडला.

संगणकयुग आले तेव्हा या पूर्वतयारीचा उपयोग झाला. क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी चिकित्सित आवृत्तीची संहिता संगणकावर उतरवली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. श्लोकांना पक्के क्रमांक आधीच दिलेले असल्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना त्यात शब्द शोधणे व मोजणे सुलभ झाले. पुण्यातच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे संग्रहालयांच्या नोंदींसाठी 'जतन' ही संगणकप्रणाली घडवली, जी देशातील राष्ट्रीय संग्रहालयांत वापरली जाऊ लागली. अशा प्रणालीतील प्रत्येक रकाना कोणीतरी वस्तू हातात घेऊन, तिचे साहित्य, काळ आणि उगमस्थान ओळखून भरावा लागतो. वस्तूचे छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी ते काम त्याने होत नाही. म्हणून संगणक चालवण्याच्या शिक्षणाइतकाच वेळ लिपी वाचण्याच्या, वस्तू ओळखण्याच्या आणि शंका असेल तिथे ती नोंदवण्याच्या शिक्षणाला संस्थांनी द्यायला हवा, आणि १९१९ नंतर शास्त्री व पदवीधर यांना घडवताना तो दिला गेला होता.