गिरडची टेकडी आणि सेलसुऱ्याचा पूल

वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. थट्टा करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांच्या मालाचे बाबांनी दगड केले आणि त्यांनी क्षमा मागताच वाळल्या पानांतून नवा माल निर्माण करून दिला, अशी तेथील आख्यायिका आहे. आख्यायिकेत गमावलेले परत मिळते. इतिहासात मिळत नाही.

याच जिल्ह्यात २४ जानेवारी २०२२ च्या रात्री सेलसुरा गावाजवळ एक मोटार पुलावरून कोसळली आणि सावंगी येथे वैद्यकीय शिक्षण घेणारे सात विद्यार्थी मृत्युमुखी पडले. काहींचे आईवडील दूर परप्रांतात होते. जे उद्या इतरांचे प्राण वाचविणार, त्यांचेच प्राण रस्त्यावर गेले.

अशा घरी आम्ही धर्मगुरू जातो, तेव्हा 'देवाची इच्छा' हे शब्द ओठांवर येतात. ते आवरावेत. नाईनच्या विधवेचा एकुलता एक मुलगा गेला, तेव्हा गावचा मोठा समुदाय तिच्याबरोबर चालत होता, असे संत लूक नोंदवितो. प्रभूला प्रथम तिचा कळवळा आला. मग त्याने मुलाला उठविले. ते सामर्थ्य आम्हांला नाही. मात्र शोकाकुल मातेबरोबर चालणे आमच्या हाती आहे. आणि रात्री गाडीची किल्ली मागणाऱ्या मुलाला, ''बाळा, सकाळी जा,'' असे सांगणेही.