अडथळ्याविना हृदयविकाराचा झटका (मिनोका)

हृदयाच्या रोहिण्यांत 50 टक्के किंवा अधिक अडथळा नसताना येणारा झटका. ईसीजी बदलतो, रक्तातील ट्रोपोनिन वाढते, अँजिओग्राफीत मात्र रोहिण्या मोकळ्या दिसतात. झटक्याच्या रुग्णांपैकी सुमारे 5 ते 10 टक्के या गटातले. त्यांत स्त्रिया व तरुण तुलनेने अधिक. रोहिणीचे अचानक आवळणे, तिच्या भिंतीला पडलेली चीर, विरघळून गेलेली गुठळी ही प्रमुख कारणे.

रोहिण्यांत अडथळा नसताना हृदयाला इजा होण्याचा, याच्या जवळचा प्रकार महाराष्ट्राने लाल विंचवाच्या दंशात पाहिला. विषामुळे अंगात ॲड्रेनालिनसारखी द्रव्ये उसळतात, हृदयाचा स्नायू दुबळा पडतो, फुप्फुसांत पाणी भरते. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची चिन्हे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ती 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवली, पुढे त्यांनी रूढ केलेल्या प्राझोसिनच्या गोळीने मृत्यू फार घटले. रुग्णाच्या खाटेशेजारी जागून केलेले हे संशोधन जागतिक मोलाचे आहे.

अँजिओग्राफीत रोहिण्या स्वच्छ आल्या म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. हृदयाच्या एमआरआयने कारण शोधता येते. सुपे, बारामती, इंदापूरसारख्या भागांतल्या वाड्यावस्त्यांवर छातीत कळ आली किंवा विंचू चावला, तर उतारा करण्यात वेळ न दवडता 108 ची रुग्णवाहिका बोलवावी.