पात्यावरचा सन

कोलकात्याच्या लिलावघरांत जुन्या सामानाबरोबर अधूनमधून एखादी ब्रह्मी तलवार पुढे येते. तिला तिकडे ‘धा’ म्हणतात. एकधारी, किंचित वक्र पाते, लांब गोलसर मूठ, आणि आपल्या तलवारीस असते तशी परज बहुधा नाहीच. काहींच्या पात्यावर काळसर भूमीवर चांदीची वेलबुट्टी, जातककथांतील प्रसंग, क्वचित ब्रह्मी लिपीतील ओळी असतात. असे पाते पाहून चित्त वेधले जाते आणि विकणारा हळूच सांगतो, ‘ही थिबा राजाच्या वाड्यातली.’

काही वर्षांपूर्वी या वाक्याने आम्हांसही भुरळ घातली. तलवार घरी आणून ब्रह्मी लिपी जाणणाऱ्या एका स्नेह्यास दाखविली, तेव्हा पात्यावर १२६२ हा सन निघाला. ब्रह्मी सनात ६३८ मिळविले की इसवी सन येतो. त्यांचे वर्ष एप्रिलच्या मध्यास पालटते, म्हणून जानेवारीपासून तोपर्यंतच्या तिथीस ६३९ मिळवावे लागतात. म्हणजे तलवार १९०० च्या सुमाराची. थिबा शरण आला २९ नोव्हेंबर १८८५ रोजी आणि १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य खालसा झाले. आमची तलवार घडत होती तेव्हा तिचा तथाकथित धनी आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत दिवस कंठीत होता!

प्रथम आम्ही खट्टू झालो. मग विचार करता उलगडा झाला. दरबार गेला तरी कारागीर राहिले होते. त्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले ते साहेबलोकांचे. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखाली होता. रंगूनहून कोलकात्यास आगबोटी येत आणि त्यांतून अंमलदारांच्या पेट्याही. अशा पेट्यांतून तलवार आली, पण तिची हकीकत आली नाही. ती पुढे बाजाराने रचली.

सन कोरलेला नसेल तेथे पारख अधिक कठीण. आपल्याकडील फिरंग आठवावी: पाते युरोपचे, मूठ इकडची. ‘धा’तही पाते, मूठ आणि म्यान यांचे वय एकच असेल असे गृहीत धरू नये, म्यानावरची चांदी मागाहून चढविलेली असू शकते. नक्षी कोफ्तगरीच्या रीतीची असेल, तर पाते बारीक रेघांनी खरवडून त्यावर चांदीची तार ठोकलेली असते; तार झिजली म्हणजे खालच्या रेघा उघड्या पडतात. ही झीज हाताळणीच्या जागी आहे की सर्वत्र सारखी, हे पाहावे. आणि नक्षी भरगच्च असून पात्यास धार कधी लागलीच नसेल, तर ती लढाईची नव्हे, भेटीची वस्तू समजावी.

याच शहरात ईडन गार्डनमध्ये एक ब्रह्मी पॅगोडा उभा आहे. १८५२ च्या युद्धानंतर तो प्रोमहून १८५४ साली आणला गेला. तोही पराभवाचीच खूण. पण त्याची वाटचाल लिहिलेली असल्याने त्याविषयी कोणास कल्पित कथा सांगावी लागत नाही. तलवारीसारख्या लहान वस्तूचे दुर्दैव असे की तिची हकीकत धन्याच्या स्मरणाबरोबर संपते. म्हणून बदलीच्या गावी अशी वस्तू घेणाऱ्या बांधवांस आमची विनंती आहे: कोठे, केव्हा, कोणाकडून घेतली याची चार ओळींची चिठ्ठी म्यानाशी बांधून ठेवावी. विकणाऱ्याने सांगितलेली कथाही लिहावी, पण ‘असे म्हणतात’ या शब्दांनी.

थिबा १९१६ साली रत्नागिरीतच वारला. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला वाडा आजही तेथे आहे. रजेवर गेल्यास अवश्य पाहावा. आमच्या तलवारीचा त्या वाड्याशी काही संबंध नाही, हे आता आम्ही येणाऱ्यांस आपणहून सांगतो. राजा कैदेत असतानाही मन लावून पाते नक्षीणाऱ्या त्या अज्ञात लोहाराचा इतिहास मात्र तिच्यावर सनासह कोरलेला आहे, आणि तो आम्हांस पुरेसा वाटतो.